नऊ काजांचा कोट

हडपसर, पुणे
१८ जानेवारी २०२५

प्रिय मुक्ताई,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. माझा सत्कार झाला तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय.

दुकानात मोठं काम आलं होतं. एकशेसाठ वर्षांपूर्वी अमेरिकेतले लोक आपापसांतच लढले. तिथले हौशी लोक आज त्या पायदळाचे कपडे घालून ती लढाई उभी करतात. त्यांचे पंचवीस कोट. गडद निळं लोकरी कापड, पुढं पितळी नऊ बटणं. शिवाय आकाशी पँटी आणि खांद्याला अडकवायची जेवणाची काळी पिशवी. सगळं त्या काळासारखं हवं, टाका न् टाका.

पहिला नमुना नापसंत झाला. बटणांची काजं मशीनची होती, त्यांना हाताची हवी होती.

मी ऐटीत कळवलं, हाताची काजं ही तर रंगराव टेलरची ओळख, पलटणीतले साहेब नाव काढायचे. झालं! ऑर्डर देणाऱ्या तिकडच्या गृहस्थानं व्हिडिओ कॉल लावला, करून दाखवा म्हणाला. कारागीर भोवती जमले. सुई हातात घेतली आणि... तुला माहीतच आहे. मी कापणारा माणूस. काज मला कधी जमलं नाही.

मागं घरात जाऊन तुझ्या आईला म्हणालो, "विमल, बाहेर ये."

"अहो, सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच."

तिनं चष्मा लावला आणि काज केलं. आमच्याकडं इंग्रजी सांभाळणारी पोरगी, संस्कृती, म्हणाली, "काकू, ते विचारतायत, किती वर्षं करताय?"

"बेचाळीस."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मान खाली गेली माझी. पण खाली ते काज दिसलं. काय काज होतं, मुक्ताई! असं पुण्यात दुसरं कुणी करत नाही.

दोनशे पंचवीस काजं तिनं एकटीनं केली. मी सुया ओवून देत होतो. कॉलरच्या आत शिवणाऱ्याच्या नावाची पट्टी लागते. मी 'विमल माळवदे, पुणे' छापून आणली आणि लावली. तिनं पाहिलं. म्हणाली, "तिरकी लागलीय." मी पंचवीसही उसवून पुन्हा लावल्या.

परवा निरोप आला, सगळे कोट पसंत.

काजांसाठी झालेल्या त्या सत्काराला तू पहिल्या रांगेतून म्हणाली होतीस, "बाबा, आईचं नाव घ्या." मी ऐकलं होतं. शाल सावरत खाली उतरलो, ऐकलंच नाही असं दाखवून.

तिचं नाव घ्यायला बेचाळीस वर्षं लावणारा, आणि आता येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटलेला,

तुझा बाबा