विटमानसाहेबांचं छप्पर

अल बर्शा, दुबई
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय ॲरॉन,

घरी सगळे बरे असाल. आमच्याकडे क्रिस्टिनाचे गुडघे सोडले तर ठीक. दोन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस. आईच्या मातीला मी साइट सोडून आलो नाही, तेव्हा तुझा राग रास्तच आहे. म्हणून हे पत्र इद्रीस ड्रायव्हरच्या हाती पाठवतोय. आजच वाच.

शुक्रवारी उम्म अल कुवैनच्या नव्या हॉलच्या उद्घाटनाला तुझ्या गाण्याच्या वर्गातली चाळीस मुलं गाणार, असं कळलं. त्याचं लाकडी छप्पर माझ्या माणसांनी चढवलंय.

डिझाइन विटमानसाहेबांचं. जर्मन म्हातारा, जन्मभर आपल्या डोंगराळ जिल्ह्याबाहेर काही बांधलं नव्हतं. शाळा, चर्चं, बंबखाना. म्हणायचा, "डेव्हिड, टेकडीवर उभा राहिलो की माझी तेवीस छपरं दिसतात. एक जरी गळलं तरी बेकरीत शिव्या मीच खातो." समुद्राकाठी लाकूड? सगळे हसले. तो म्हणाला, "लाकडाला मीठ मानवतं, लोखंडाला नाही. बोल्ट स्टेनलेसचेच." तिथे ऐकायचा नाही.

आमचा फोरमन गुणवंत सारखा 'चालेल' म्हणायचा. साहेबाने अर्थ विचारला. मी म्हटलं, "मीन्स ओके, सर." त्याने वहीत लिहून घेतलं. मग प्रत्येक सांध्याखाली उभा राहून, "गुन्वंत, शालेल?" वरून उत्तर, "एकदम चालेल, साहेब!" की वहीत खूण.

आपण 'चालेल' कुठल्या कुठल्या वेळी म्हणतो, तुला सांगायला नको.

स्टेनलेसचे बोल्ट बंदरात अडकले. गुणवंतने साधे आणले. म्हातारा खाली उभा. "शालेल?" गुणवंतने माझ्याकडे पाहिलं. "चालेल की." त्या 'की'तलं सगळं मला ऐकू आलं. मी गप्प बसलो. हँडओव्हरची तारीख मीच देऊन बसलो होतो.

साहेब एप्रिलमध्ये गावी वारला. सांध्यांखाली सिलिंग बसलं. परवा एसी चालवून पाहत होते, तेव्हा वर 'कट्' झालं. सगळे म्हणाले, डक्ट असेल. मी सिलिंग उघडायला लावलं. आत बोल्टचं तुटलेलं डोकं पडलेलं, बोटांत धरलं तर गंजाचा चुरा.

गुणवंत म्हणतो, "दादा, एवढा शुक्रवार जाऊ दे." हॉलचा मॅनेजर म्हणतो, "आर्किटेक्ट का साइन है ना? खलास!" मेलेला माणूस काय बोलणार? सही त्याची, पण तो शब्द मी त्याला शिकवला.

काल पुन्हा गेलो. एसी बंद होता. तरी दोनदा वाजलं.

मुलांना पाठवू नकोस. पालकांनी कारण विचारलं तर माझं नाव सांग. उद्या सकाळी म्युनिसिपालिटीत जाऊन सगळं लिहून देणार आहे. पासपोर्ट ठेवून घेतील, कदाचित मलाही. क्रिस्टिनाला अजून बोललो नाही. तिने तुला फोन केला तर तो तेवढा उचल, आणि सांग की दादाला कोणी नेलं नाही, तो आपल्या पायांनी गेला.

तुझा, तू मानशील तर,
डेव्हिड