सीलबंद खोक्याचं परीक्षण

३ फेब्रुवारी, शनिवार
भिंगरीचा आठवा वाढदिवस. माझ्यातर्फे भेट: अवकाशवीरांचा संच. एक कप्तान, एक तीन डोळ्यांचा शत्रू, एक यान. खोक्याच्या पारदर्शक खिडकीतून तिन्ही दिसतात. इतका स्वस्त, की दुकानदाराला किंमत दोनदा विचारली. तो म्हणाला, घेऊन जा, पण परत आणायचं नाही.

भिंगरी खोका फाडायला निघाली होती. वेळेवर हात धरला म्हणून निभावलं. असली स्वस्त खेळणी वीस वर्षांनी सोन्याच्या भावानं जातात, पण सील शाबूत हवं. शिवाय आधी माझ्या चॅनलवर परीक्षण. फक्त आठ दिवस, मग संच तिचा. ती म्हणाली, बाबा, न उघडता परीक्षण कसं करणार? लहान आहे. कळेल हळूहळू.

चॅनलचे सबस्क्रायबर अकरा. त्यांत नऊ नातेवाईक, एक मी. अकरावा कोण ते कळत नाही, पण खरा रसिक तोच.

४ फेब्रुवारी, रविवार
संकल्प: रोज एका अंगाचं परीक्षण आणि दहापैकी गुण. टंगळमंगळ बंद.

खोका: ९.

जागा: भिंगरीच्या खोलीतली फळी, तिच्या उशीच्या बरोबर वर. घरात ऊन न येणारी भिंत तेवढी एकच, आणि उन्हानं खोक्याचा रंग उडतो. बायको म्हणाली, पोरीच्या डोक्यावर कशाला टांगतोस? म्हटलं, तिच्याच नजरेसमोर राहील.

आज एक शोध लागला. खोक्याला मागून चार्जिंगपुरतं भोक आहे. म्हणजे सील न तोडता यान चार्ज होतं! वायर सोबत दिलेली नाही. माझ्या जुन्या फोनचा चार्जर बसला. जरा जोर लावावा लागला.

६ फेब्रुवारी, मंगळवार
ऑफिसचं काम. विमा कंपनीत सर्व्हेअर असल्यानं जिथं आग लागते तिथं मी जातो, राख उकरतो आणि कारण लिहितो. सतरा वर्षं झाली. आज मोबाइल दुरुस्तीचं दुकान, आतून काळं ठिक्कर. बॅटरी फुगलेली, चार्जर भलताच, तोही दिवसरात्र लावलेला. मालक रडत होता. मी त्याला चांगलं सुनावलं. डोळ्यांदेखत फुगते आणि तुम्हाला दिसत नाही? माणसं इतकी आंधळी कशी असतात, देव जाणे.

बरोबर शंकासुर होता, माझ्या हाताखालचा नवा सर्व्हेअर. प्रत्येक गोष्टीत शंका काढतो म्हणून हे नाव मीच ठेवलं. त्याला गुरुमंत्र दिला: आगीच्या आधी काही लक्षणं दिसली होती का, हे घरातल्या सगळ्यांत लहान माणसाला विचारायचं. मोठी माणसं सारवासारव करतात. त्यानं लगेच लिहून घेतलं. पोरगा पुढे जाईल.

घरी आल्यावर यानाचे निळे दिवे कायम पेटते राहावेत म्हणून वायर कायमची लावून टाकली. दिवे: १०.

८ फेब्रुवारी, गुरुवार
भिंगरीची तक्रार. कोणी बटण दाबत नसताना यान आपोआप बोलतं. "इंजिन सज्ज" म्हणतं. मी म्हटलं, सेन्सर असेल. तंत्रज्ञान: ९.

आणखी म्हणते, शत्रू हलला. जाऊन पाहिलं. काल तो मागे होता, आज खिडकीच्या प्लास्टिकला नाक लावून उभा आहे. तिन्ही डोळे उशीकडे. यानाचं पोट जरा फुगल्यामुळे तो पुढे ढकलला गेला असावा. यान आता चांगलं भरीव दिसतं. बाळसं धरलंय म्हणायचं.

१० फेब्रुवारी, शनिवार
आठ दिवस आज संपले. भिंगरी सकाळपासून कात्री घेऊन फळीखाली बसली होती. तिला समजावलं की परीक्षण घाईचं काम नव्हे, आणखी आठवडा लागेल. रडली नाही. कात्री जागेवर ठेवली आणि खेळायला गेली. गुणी पोर आहे, माझ्यावर गेलीय.

१२ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ७
भिंगरी हॉलमध्ये चटईवर झोपलेली सापडली. म्हणते, वरून गरम येतं आणि वास येतो. बायकोनं हुंगून पाहिलं. म्हणाली, इस्त्री विसरल्यासारखा वास आहे. मीही हुंगलं. नव्या खेळण्याचा वास येणारच.

खोक्यावर हात ठेवला. कोमट आहे. झोपलेल्या मांजरासारखा. इंजिनाची ऊब! या किमतीत इतका वास्तवदर्शीपणा कोण देतं? ऊब: १०.

बायको म्हणाली, निदान वायर तरी काढ. काढली.

सकाळी ८
दिवे विझल्यावर यानाची रयाच गेली. पुन्हा लावली. बायकोला सांगण्यासारखं त्यात काही नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार
यानाचे दिवे निळ्याचे जांभळे झाले आहेत. रंग बदलतो असं खोक्यावर कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे गुपित फीचर! कप्तान मात्र एका अंगाला कलला आहे. बुटांचा आकार गेलाय, एक तर यानाच्या पंखाला चिकटलाय. पाय रोवून उभा आहे, असं व्हिडिओत म्हणेन.

ऑफिसात शंकासुर म्हणाला, सर, तुमच्या शर्टाला जळकट वास येतोय. म्हटलं, बाबा रे, आपला धंदाच तो.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
यानाचा आवाज बदलला. "इंजिन सज्ज" आता खर्जात येतं, एकेक अक्षर ओढत, विहिरीतून कोणी बोलावं तसं. पहाटेच्या शांततेत मलाही क्षणभर कसंसंच झालं. मग लक्षात आलं की स्पीकर मुरला. आवाज: ८.

भिंगरी खोलीत पाऊल टाकत नाही. दप्तर आणायलाही आईला पाठवते. बायको आज भडकली. म्हणाली, दुसऱ्यांची राख उकरून कारणं शोधतोस, स्वतःच्या घरात काय शिजतंय ते बघ. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी वाद घातला नाही. कलेतलं तिला कधीच कळलं नाही.

तरी मन मोठं करून ठरवलं: रविवारी दुपारी तीनला शूटिंग, त्यानंतर वायर काढणार. काळ्या दगडावरची रेघ.

आणि भिंगरीला बजावलं, हॉलमधलं नाटक पुरे, उद्यापासून दुपारची झोपही आपल्या पलंगावरच घ्यायची. लाडानं भित्रेपणा वाढतो.

१७ फेब्रुवारी, शनिवार
ऐकलं नाही. चटई घेऊन हॉलमध्येच झोपली. आईची फूस. शिस्त: ३.

१८ फेब्रुवारी, रविवार, दुपारी २
तयारी झाली. मोबाइल स्टँडवर लावला. केस विंचरले. पहिलं वाक्य पाठ केलं: "मित्रांनो, या खोक्यात काय दडलंय?"

फ्रेममध्ये लहान मूल असलं की व्ह्यूज वाढतात. भिंगरीला म्हटलं, तू पलंगावर बस, खोक्याच्या बरोबर खाली, आणि वर बघून हस. दारातून आत यायला तयार नाही. गोळीचं आमिष दाखवलं, डोळे वटारले, उपयोग शून्य. हट्टी पोर आहे, आईवर गेलीय.

खोक्यातून टिकटिक असा आवाज येतोय. तोही रेकॉर्ड करायचा. शर्ट बदलून येतो.

१९ फेब्रुवारी, सोमवार
पलंग, गादी, पडदा, अर्धी भिंत. उशी तर उरलीच नाही. तिच्या जागी काळा चिकट गोळा आहे, त्यातून एक हिरवा हात वर आलाय. शत्रूचा असावा.

माणसं सगळी सुखरूप. बायकोनं मेन स्विच पाडला, ओली चादर टाकली, मग पाण्याच्या बादल्या. मी शर्टाची बटणं लावत धावत आलो. धूर बघून मी ओरडलो. "भिंगरी" असं नाही ओरडलो. "खोका!" असं ओरडलो. भिंगरी हॉलच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं काल दुपारपासून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

घराचा विमा आमच्याच कंपनीचा. सर्व्हेला शंकासुर आला. मी दारातच त्याला बाजूला घेऊन म्हटलं, शॉर्ट सर्किट लिहून टाक. त्यानं खोली पाहिली, चार्जरचा सांगाडा पाहिला, आणि सरळ भिंगरीपुढे उकिडवा बसला. म्हणाला, आधी काही दिसलं होतं का गं?

भिंगरीनं थोडा विचार केला. म्हणाली, बाबा रोज वहीत लिहायचा. तारीख घालून.

आणि वही तिनं स्वतः आणून दिली.

त्यानं उभ्या उभ्या सगळी वाचली. एकदाही हसला नाही. मध्ये एकदा थांबून त्यानं फळी जिथं होती तिथं पाहिलं आणि मग खाली, उशी जिथं होती तिथं. मी म्हटलं, अरे, विनोदी लिहितो मी. तो म्हणाला, सर, पुरावा पिशवीत घालायचा हे तुम्हीच शिकवलंत. वही पिशवीत गेली आणि वर सील लागलं. आता मला ती उघडता येत नाही. ही नोंद भिंगरीच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहितोय, तिला विचारून.

तो गेल्यावर भिंगरी जवळ आली. म्हणाली, बाबा, तुझं ऐकून मी तिथं झोपले असते तर?

या प्रश्नाचं उत्तर मला येतं. सतरा वर्षं मी ते लोकांना लिहून देत आलोय. फळीची उंची, धुराचा वेग, मिनिटं, सगळं. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. शेवटी म्हटलं, पण तू ऐकलं नाहीस ना, मग झालं तर.

ती म्हणाली, हो, नाही ऐकलं. आता पुढेही नाही ऐकणार.

मी बरं म्हटलं.