बाबांच्या हातच्या विटा

रविवार, आचरा

आज हॉलच्या भिंतीवर खोट्या विटा रंगवल्या. राखाडी रंगावर स्पंजने लाल ठसे, एवढंच. बाबा खुर्चीतून बघत होते. लकवा आल्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवरच पडून असतो. मध्येच म्हणाले, "माका दी गो तो स्पंज." दिला, तर त्यांनी तो उजव्या हातात घेतला.

त्यांच्या विटा वाकड्या उमटल्या, एक तर पार तिरकी. मी पुसायला गेले, तर आई म्हणाली, "रवांदे गो. बऱ्यो दिसतत."

खरंच, माझ्या सरळ ओळींपेक्षा त्या तिरक्या विटेकडेच नजर जातेय. की मलाच तसं वाटतंय?

जेवताना आई नेहमीसारखी भरवायला बसली. बाबांनी ताट पुढे ओढलं आणि उजव्या हाताने भात कालवला. बराच सांडला. आई नुसती आमटी वाढत राहिली.