जावयाचा स्वेटर, सासऱ्याच्या मापाचा

१४ डिसें., दारव्हा
प्रज्ञाचा पुण्याहून फोन. जावयाची बदली हिमाचलात, बोगद्याच्या कामावर. जायच्या आधी दोघं दोन दिवस इकडे येणार. "आई, निखिलले थंडी अजिबात सोसत नाही. एक जाडा स्वेटर करशीन?"
हो म्हटलं. ह्यांना सांगितलं नाही. निखिलचं नाव निघालं की हे उठून गच्चीवर जातात. मागच्या दिवाळीत पंगतीत हे म्हणाले, "मी तं कधीची वाट पाहून राह्यलो." जावई हसत म्हणाला, "बाबा, पाहून राह्यलो नाही, पाहतोय." संपलं! हे जन्मभर शाळेत मराठीचेच मास्तर. तेव्हापासून अबोला.

१५ डिसें.
व्हिडिओतली बाई म्हणते, जाड लोकर, मोठी सुई, गळ्यापासून खाली विणत जा, चुटकीसरशी होतो. मोरपंखी लोकर आणली. दुकानदार म्हणे, "काकू, स्वेटर करता का गादी?"

१७ डिसें.
गळा झाला. माप बघायला ह्यांच्या डोक्यात घातला. कानापाशी अडकला. आतून आवाज, "मले मारून टाकतं काय वं?"
उसवला. सुरुवातीचे टाके सैल घालायला हवे होते.

१९ डिसें.
आता डोकं गेलं. खांद्यापर्यंत आला. ह्यांनी विचारलंच, "मले कायले स्वेटर?"
म्हटलं, "ठंडी पडली ना."
खोटं नाही. पडलीच आहे. पण इतके खूश झाले की स्वेटर निखिलचा आहे हे सांगायचं राहूनच गेलं. निखिलची अंगलट ह्यांच्यासारखीच, पोट सोडून. म्हणून तर ह्यांच्या अंगावर माप घेते आहे.

२१ डिसें.
फर्माइशी सुरू. पोटापाशी ढिला पाहिजे. खिसा पाहिजे, चष्म्यासाठी. कसं नाही म्हणू? खिसा केला. हिमाचलात जावई काय ठेवेल त्यात!
दुपारी अंगात घालून पाहत होते तेवढ्यात भाजीवाली आली. तसेच गेले. सुई लोंबतेय, लोकरीचा गुंडा अंगणातून मागे घरंगळतोय. भाजीवाली म्हणे, "मास्तर, तुमचं काहीतरी सुटून राह्यलं." हे ऐटीत, "सुटून नाही, बनून राह्यलं."

२३ डिसें.
व्हायचं ते झालं. हे बिनबाह्यांचा स्वेटर घालून पेपर वाचत होते. प्रज्ञाचा फोन आला, मी स्पीकरवर ठेवला. पहिलंच वाक्य, "आई, निखिलचा स्वेटर कुठवर आला?"
पेपर खाली आला. स्वेटर काढला, नीट घडी केली, माझ्या मांडीवर ठेवला. खिशातून चष्मा काढून घेतला. गच्चीवर गेले.
जेवायला बोलावलं तर म्हणाले, "भूक नाही." कढी होती, तरी.
मला फार लागलं. सांगायला पाहिजे होतं.

२४ डिसें.
घरात आणखी एक अबोला नको म्हणून मीच बोलले. "तुमच्यासाठी दुसरा करते, याच लोकरीचा."
"कर नाहीतं नको करू."
दिवसभर बनियनवर फिरले. मुद्दाम. शिंकले की माझ्याकडे पाहायचे.

२६ डिसें.
बाही सुरू केली. हे दारात उभे. "बाही कोणाच्या मापाची?"
"तुमच्याच."
"आखूड पडीन. त्याचे हात लंबे हायेत. लग्नात हार घालताना पाह्यलं मी."
मी सुई थांबवली. "मग त्यांनाच विचारा ना किती लांब."
"मले काय गरज पडली?"

२७ डिसें.
गच्चीवरून आवाज आला म्हणून जिन्यात उभी राहिले. हे फोनवर.
"खांद्यापासून मनगटापर्यंत मोज... टेप नाही? मग वितेनं मोज... मी? मी बाहीचं माप विचारून राह्यलो." मग अजून मोठ्यानं, "हो, विचारून राह्यलो!"
पलीकडून काय उत्तर आलं कळलं नाही. हे खाली आले तेव्हा चेहरा मास्तरांचा, पण मिशी हलत होती. "तिकडे बर्फ पडते म्हणते. गळा उंच कर."
म्हणजे गळ्याकडून पुन्हा लोकर जोडा!

३० डिसें.
उजवी बाही झाली. जावयाच्या मापाची. गळा उंच, पोट ह्यांचं. डावी बाही अजून खांद्यालाच आहे.
सकाळी धुकं. यवतमाळहून जीपनं येताहेत दोघं. स्टँडवर कोण जाणार हे विचारायच्या आत हे निघालेसुद्धा, तोच एका बाहीचा स्वेटर अंगात. डावा हात उघडा.
"अहो, काढा तो! त्यांचा आहे!"
"ठंडी आहे. तिथं गेलो की देईन."
"देणार ना नक्की?"
"पाहू कसा बोलते तो."
वरण उकळतंय. फाटक वाजलं, हसण्याचा आवाज, कोणाचा ते धड कळत नाही. डावी बाही कोणाच्या मापाची करायची ते आता बाहेर जाऊनच बघते.