दोन राखणदार आणि एक कम्प्युटर

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी, चहानंतर.

आजपासून नोंदी ठेवणार. एक तांत्रिक काम हाती घेतोय आणि तांत्रिक कामाची नोंद लागते. घरच्या कम्प्युटरचा अँटीव्हायरस बदलायचा आहे. जुन्याचं लायसन्स रविवारी संपतंय. गेला महिनाभर तो रोज कोपऱ्यातून वर येतो आणि आठवण करतो. मी रोज 'नंतर' दाबतो. दोघंही थकलोय.

त्याचंच लायसन्स वाढवता आलं असतं, पण तो फार किरकिर करतो. शिवाय इतक्या वर्षांत त्यानं एकही व्हायरस पकडून दाखवलेला नाही. नुसता बसून असतो.

मनीषाला सांगितलं. ती म्हणाली, या आठवड्यात त्याला हात लावू नगा. गुलबर्ग्याच्या अमृतप्पा सरांच्या क्लासचा प्रश्नसंच ती टाइप करतेय, मराठी आणि कन्नड दोन्ही. पुढच्या सोमवारी द्यायचा आहे. वेळेवर गेला तर वर्षभराचं काम सर तिलाच देणार. नाहीतर सरांकडे दुसरी माणसं आहेत.

माझी टायपिंग इन्स्टिट्यूट बंद पडल्यापासून घर तिच्या टायपिंगवर चालतं, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. पण तिला टायपिंग शिकवलं कुणी? मीच. म्हणजे एका अर्थानं घर मीच चालवतो.

आता माझ्याकडे एकच खातं उरलंय, कम्प्युटर सांभाळायचं. ते तरी नीट झालं पाहिजे.

प्लॅन: आधी बॅकअप. मग नवा आणणे. मग जुना काढणे. मग नवा टाकणे. फार तर एका दुपारचं काम. आज फक्त प्लॅन. डोळे मिटून प्लॅनवर विचार केला. जाग आली तेव्हा पाच वाजले होते.

४ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी.

बॅकअप घेतला. मनीषा भाजी आणायला गेली तेवढ्यात तिच्या प्रश्नसंचाचं चित्र स्क्रीनवरून पेनड्राइव्हवर ओढलं. एका सेकंदात झालं. लोक उगीच बॅकअपचा बाऊ करतात. पेनड्राइव्ह देव्हाऱ्यात ठेवला, तिथं कुणी हात लावत नाही.

मग मोहन मार्केटला गेलो. ओळखीचा दुकानदार राजपाल. नव्या अँटीव्हायरसचा डबा घेतला. एवढ्या मोठ्या डब्यात फक्त एक कागद, त्यावर नंबर. बाकी सगळं इंटरनेटवरून उतरवायचं म्हणे. राजपाल म्हणाला, अण्णा, आधी जुनं पुरतं काढा, मशीन बंद करून चालू करा, मगच नवं टाका, दोन्ही संगं ठेवू नगा. मी हसून हो म्हटलं. हा मुलगा माझ्याच इन्स्टिट्यूटमध्ये दोन वेळा नापास झालाय.

उन्हातून चालत मैलूरला घरी आलो. पाय दुखतायत. इन्स्टॉल उद्या.

५ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ११.

एक गंभीर मुद्दा सापडला आणि राजपालला तो सुचलेला नाही. जुना काढला आणि नवा अजून बसला नाही, त्या मधल्या वेळात कम्प्युटरवर राखण कुणाची? दार सताड उघडं. त्याच वेळी नेमकं कुणी आत शिरलं तर?

राखणीच्या बाबतीत आमच्या घराण्याएवढा अनुभव बीदर जिल्ह्यात कुणाला नसेल. आजोबांच्या पिढीपर्यंत मेंढरं होती. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, लहानपणी कळप राखलाय. त्यांना गावी, ठाणाकुशनूरला फोन लावला. अप्पांना कम्प्युटर समजायचा नाही, म्हणून त्यांच्या भाषेत विचारलं. राखणीचं कुत्रं म्हातारं झालं, तर ते हाकलून मग नवं आणायचं का?

अप्पा एकदम खुशीत आले. म्हणाले, येडा का काय, जुनं कामून हाकलायचं? नवं आण आन् जुन्याच्या संगं सोड. जुनं त्येला वळण लावतंय. दोन कुत्री असल्यावर लांडगा शिवंला फिरकत न्हाई. मग त्यांनी विचारलं, तू कवा घ्यायलास? मी म्हटलं, उद्याच. ते आणखी काहीतरी विचारत होते, पण माझं काम झालं होतं. फोन ठेवला.

दोन्ही ठेवायचे. ठरलं. कंपन्यांना हे कळत नाही कारण त्यांनी कधी मेंढरं पाळलेली नाहीत.

आज फार विचार झाला. इन्स्टॉल उद्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी.

नवा टाकला! मनीषा शेजारच्या शोभाबाईंकडे हळदीकुंकवाला गेली होती. टाकताना इंग्रजीत एक लांबलचक सूचना आली. पहिली ओळ वाचली. दुसरा अँटीव्हायरस आढळला आहे, तो काढावा. खाली 'तरीही पुढे जा' असं होतं. पुढे गेलो. माणसानं एवढ्या तेवढ्यावर थांबू नये.

आता खालच्या कोपऱ्यात दोघं शेजारी शेजारी बसलेत. बघून बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी काहीतरी हातून पुरं झालं.

मनीषा आल्यावर म्हणाली, आज हे उघडायला इतका येळ का घ्यायलंय? मी म्हटलं, नवीन माणूस आहे, घर बघून घेतोय. तिनं माझ्याकडे बघितलं. मी पेपर वाचायला घेतला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी.

वळण लावण्याचं काम जोरात दिसतंय. जुन्यानं नव्याला संशयित ठरवून कोंडलं. नवा सुटून आला आणि त्यानं जुन्याच्या फायली तपासायला घेतल्या. जुना त्या तपासणीची तपासणी करतोय. कम्प्युटरच्या पोटातून पिठाच्या गिरणीसारखा आवाज येतोय. हे सुरुवातीला व्हायचंच.

मनीषा एक ओळ टाइप करते, उठून डाळ बघून येते, तोवर अक्षरं उमटतात. कन्नडची पानं अजून बरीच राहिलीत. दुपारी तिनं विचारलं, तुम्ही काय करून ठेवलाव? मी दोन कुत्र्यांचं तत्त्व शांतपणे समजावलं. अप्पांचा दाखला दिला. ती भिंतीकडं बघत बसली. मग म्हणाली, दोघातलं एक काढा, आत्ता काढा, पाया पडते.

पाया पडते हा शब्द मला आवडला नाही. काढतो म्हटलं. पण आज शुक्रवार, दोघं आताशी कुठं रुळतायत. आणखी एक दिवस द्यावा. सकाळपासून डोकं जड आहे. खरं सांगायचं तर त्या आवाजानं मलाही भीती वाटायला लागलीय, पण ते इथं लिहायचं कारण नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी.

थकलो. क्रमानं लिहितो.

सकाळी दारात अप्पा उभे. खांद्यावर घोंगडी, घोंगडीत कुत्र्याचं पिल्लू. काळं, कान पडलेले. बसमध्ये कंडक्टरनं, येनप्पा इदु, हे काय बाबा, म्हणून विचारलं, तर अप्पांनी पोराचं सामान हाय म्हणून सांगितलं. त्यावर सामानानं तोंड बाहेर काढलं. तिथून पुढं अप्पा आणि कंडक्टर यांच्यात बीदरपर्यंत कन्नडमध्ये वाद चालला होता. अप्पा जिंकले असं अप्पा म्हणतात.

अप्पा आत आले, पाणी पिले, परसात जाऊन आले. मग म्हणाले, शेळ्या कुठं हायत?

मी म्हटलं, कसल्या शेळ्या?

ते म्हणाले, तूच फोन केलास न्हवं, कुत्रं ठेवायलास म्हणून. म्हटलं पोरगं एकदाचं शहाणं झालं, शेळ्या घ्यायलंय. साऱ्या गावात सांगून आलो की. कल्लप्पानं तर बोकड द्यायचं कबूल केलंय.

मी कम्प्युटर दाखवला. अप्पांनी चष्मा लावून खालचे दोन्ही अँटीव्हायरस नीट पाहिले. ह्येला खायला काय घालावं लागतंय, असं विचारलं. मग खाटेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले. मला अप्पांचं वाईट वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते माझ्यावर खूश झाले होते, आणि तेही शेळ्यांवरून.

मनीषा तोवर टाइप करायचा प्रयत्न करत होती. पिल्लानं तिच्या पायाखाली ओलं केलं. ती उठली, फरशी पुसली, आणि मला म्हणाली, मी बाजारातून परत येईस्तोवर एक तरी गेलेलं पाहिजे. कुत्र्याबद्दल बोलत नव्हती ती.

जुना काढायला घेतला. त्यानं पासवर्ड मागितला. पूर्वी मीच ठेवलेला, सुरक्षेसाठी. तो इतका सुरक्षित होता की मलाही आठवेना. मग सरळ त्याच्या फोल्डरमध्ये शिरलो आणि सगळं निवडून डिलीट केलं. अर्ध्या फायली गेल्या, अर्ध्या म्हणाल्या, आम्ही कामात आहोत. नवा त्याच वेळी अपडेट घेत होता. कुणीच ऐकेना. शेवटी भिंतीवरचं बटण बंद केलं. कधी कधी घरच्या कर्त्याला असा निर्णय घ्यावा लागतो.

चालू केला तर काळा स्क्रीन. वर एक पांढरी रेघ लुकलुकतेय. तेव्हापासून तसाच आहे.

मनीषाला म्हटलं, मेंटेनन्स चालू आहे.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी.

काळाच आहे. जुन्याचं लायसन्स आज संपलं, ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

मनीषाला खरं सांगावं लागलं. पण माझ्या हातात हुकमाचं पान होतं. म्हटलं, घाबरू नको, बॅकअप आहे. देव्हाऱ्यातून पेनड्राइव्ह काढून दिला. ती तो घेऊन शोभाबाईंकडे गेली, त्यांच्या मुलीचा लॅपटॉप आहे. लगेच परत आली. म्हणाली, यात फाइल नाही, फाइलकडं जायची नुसती वाट आहे. ज्या कम्प्युटरवरनं काढलं तो चालू असला तरच ती वाट कुठंतरी जाते. चित्राच्या कोपऱ्यात बाण दिसला न्हाई का, असं तिनं विचारलं. बाण दिसला होता. मला तो शोभेचा वाटला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शेगडीपाशी जाऊन उभी राहिली आणि गॅस न लावताच भांड्यात पाणी ओतत राहिली. म्हणाली, चार महिन्यांनी पहिलं मोठं काम आलं होतं. एवढंच.

मी बाहेर पायरीवर बसलो. पिल्लू मांडीवर येऊन बसलं. मला रडू आलं. नोंद म्हणून लिहितोय.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

दुपारभर मनीषा मोबाईल हातात घेऊन बसली होती. नव्या अँटीव्हायरसच्या साइटवर म्हणे सगळं लिहिलेलं आहे, पायरी पायरीनं. मी मदतीला गेलो. तिनं सांगितलं, तुम्ही पिल्लाला फिरवून आणा, तेवढीच मदत करा. मी आणि अप्पा पिल्लाला घेऊन निघालो. अप्पा वाटेत म्हणाले, सूनबाईला त्यातलं कळतंय व्हय? मी म्हटलं, मीच शिकवलंय. अप्पा पिल्लाशी बोलत राहिले.

परत आलो तेव्हा स्क्रीन नेहमीसारखा निळा होता. चालू! तिनं कसलासा सेफ मोड लावून आधी नवा काढला, मग जुन्याच्या उरलेल्या फायली त्याच्याच कंपनीच्या हत्यारानं झाडून काढल्या, बंद करून चालू केला, आणि मग एकटा नवा टाकला. फाइल जागच्या जागी. तिनं पहिल्यांदा फाइलच दुसरीकडे उतरवून ठेवली, पूर्ण फाइल.

थोडक्यात हे राजपालचंच म्हणणं झालं. त्यानं ते मला नीट समजावून सांगायला पाहिजे होतं.

मनीषा टाइप करतेय. आवाज कसा पावसासारखा एकसारखा येतोय. स्वयंपाक आज मी आणि अप्पांनी केला. पिठलं. तिनं ताट बाजूला ठेवून टाइप करता करता खाल्लं. मीठ जास्त होतं, तरी ताट रिकामं झालं.

१० नोव्हेंबर, सोमवार. दुपारी २.

प्रश्नसंच गेला. वेळेत. अमृतप्पा सरांचा फोन आला, वर्षभराचं काम पक्कं. मी दाराआडून ऐकत होतो. सरांनी अगदी शेवटच्या दिवशी का पाठवलं असं विचारलं असावं. ती म्हणाली, मशीन बिघडलं होतं सर.

मशीन बिघडलं होतं. बाकी काही सांगितलं नाही. मला तिच्याजवळ जाऊन काहीतरी बोलावंसं वाटलं, पण ती लगेच पुढच्या पानाला लागली.

अप्पा दुपारच्या बसनं गेले. पिल्लू ठेवून गेले. म्हणाले, राहू दे, कुणीतरी राखायला पाहिजे.

नवा संकल्प: येत्या आठवड्यात अँटीव्हायरसची सगळी सेटिंग्ज मी स्वतः तपासणार. नव्या माणसावर एकदम एवढा विश्वास बरा नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी.

कम्प्युटर लावला. पूर्वी तो सरळ उघडायचा. आज दोन नावं आली. वर मनीषा, खाली योगीराज. मनीषाच्या नावापुढं कुलूप आहे. माझ्या नावाला पासवर्डच नाही, एका बोटात उघडलं. सन्मानाचीच गोष्ट म्हणायची. आत कॅलेंडर आहे, कॅल्क्युलेटर आहे, पत्त्यांचा खेळ आहे. तिच्या फायली दिसत नाहीत. इतकं स्वच्छ माझं टेबल इन्स्टिट्यूटमध्येही कधी नव्हतं.

अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये गेलो. मुख्य वापरकर्त्याची परवानगी लागते, असं आलं. मुख्य वापरकर्ता: मनीषा.

तिला हाक मारली. म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे, तपासणीचं. पीठ मळत होती, हात धुऊन आली. काय बदलायचंय ते विचारलं. म्हटलं, ते आत गेल्यावर कळेल. तरी ती वाकली आणि पासवर्ड टाकला. टाकताना डावा हात आडवा धरून कीबोर्ड झाकला, माझ्या बाजूनं.

मी तोंड खिडकीकडं वळवलं. दुसरा कुणी पासवर्ड टाकत असताना बघायचं नसतं. सुरक्षेचा हा नियम मला ठाऊक आहे.