आमदारांचं पत्र आणि आयोगाच्या बाई

मंगळवार, संध्याकाळ. वडगाव.

वीजदर ठरवणाऱ्या आयोगाच्या सुनावणीला आज गेलतो. साड्यांचे माग बंद असले तरी बिलातला ठरावीक आकार लागतोच, ही माझी तक्रार. आपली रीतच अशी, की आधी आमदारांचं पत्र पाहिजे. ते गल्लीतल्या अण्णानं त्यांच्या ऑफिसातनं आणून दिलं. पण आयोगाच्या बाईंनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. “खिशात ठेवा. तुम्ही बोला,” कन्नडमध्ये म्हणाल्या. आमचं गाव सीमाभागातलं, कन्नड कळतं. बोलायची तयारी कुठं होती? पत्र आहे म्हणून निवांत होतो! तरी बोललो. साड्यांना उठाव नसलेले महिने, गप्प पडलेले माग. बाई लिहून घेत होत्या.

घरी आक्का म्हणाली, “मग आमदार कशाला निवडलाय रं?”

खरंच, कशाला? आमदार चुकला तर पुढच्या खेपेला मत देणार न्हाय. ह्या बाई चुकल्या तर? त्यांना काढणार कोण? पण त्या आमदारांच्या शब्दात असत्या, तर एखाद्या बड्या कारखानदाराचं पत्र माझ्या आधी पोचलं असतं. मग?

पाकीट आत्ता फोडलं. “हे माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत, सहकार्य करावे.” बास. मागाचा शब्द नाही.

आणि आमदारांना मी अजून एकदाही भेटलेलो नाही.