देवांची सोय

३ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिलेली बरी. परवडणाऱ्या वन बीएचकेचा माझा प्लॅन ऑफिसात पास झाला. नुसता स्वस्त नाही, हिंदू कुटुंबाच्या गरजा ओळखून काढलेला. ईशान्येला देवघर, आग्नेयेला ओटा, दारासमोर संडास नाही. एवढ्याशा जागेत हे बसवणं खायचं काम नाही. बिल्डरसाहेब म्हणाले, मार्केटला हेच हवंय. मी म्हटलं, साहेब, मार्केटचं सोडा, ही सेवा आहे. तेवढ्यात त्यांना फोन आला.

५ मार्च
साहेबांनी माझंच घर सॅम्पल फ्लॅट म्हणून दाखवायचं ठरवलं. स्कीमच्या पहिल्याच बिल्डिंगमध्ये, याच मापाच्या फ्लॅटमध्ये आम्ही राहतो: मी, ही आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. महिनाअखेरच्या रविवारी गिऱ्हाइकं येणार. त्यांना नांदतं घर दाखवायचं. बाप, मुलगा, सून, देव. जमलं की मी सीनियर ड्राफ्ट्समन. जमणारच.
अडचण एकच. माझ्या घरी देवघर अजून कागदावरच आहे. देव स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर, आणि हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात अण्णांची खाट. लाज वाटते. संकल्प: पंधरा दिवसांत दुरुस्ती.

८ मार्च
खाट हलवली. अण्णा काही बोलले नाहीत, म्हणजे पटलं असणार.

१२ मार्च
संगमरवरी देवघर आलं. वर कळस, आत एलईडी. अण्णांनी देव मांडले. मागे सरून पाहिलं, पण छान म्हणाले नाहीत. त्या पिढीला कौतुक करता येत नाही.
आता खाटेचा घोळ. पश्चिमेच्या भिंतीला लावली तर झोपल्यावर पाय देवांकडे. उलटं झोपलं तर डोकं उत्तरेला, ते तर नकोच. आडवी टाकली तर बेडरूमचं दार उघडत नाही. ही म्हणाली, मग आपण खिडकीतून जायचं का. सूचना करायची नाही, नुसते टोमणे मारायचे.

१५ मार्च
उपाय सापडला. ड्राय बाल्कनी. वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामध्ये घडीची कॉट अगदी मापात बसते. हवा भरपूर, उजेड भरपूर. प्लॅनवर त्या जागेला लगेच नाव दिलं: ज्येष्ठांचा कोपरा. ब्रोशरमध्ये शोभेल.
अण्णा कॉटवर बसून म्हणाले, जन्मभर बसमध्ये लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणत आलो, आता माझी पाळी. कंडक्टर होते ना, विनोदी स्वभाव आहे. मी पोट धरून हसलो. ही हसली नाही.

१९ मार्च
नवी भानगड. देवघराच्या मागची भिंत संडासाची निघाली. निघाली म्हणजे, प्लॅनवर होतीच, पण प्लॅनवर आवाज येत नाही. अण्णा रात्रीत दोन-तीनदा उठतात आणि फ्लश थेट देवांच्या पाठीत वाजतो. पाइप टाकणाऱ्याची चूक, दुसऱ्या कुणाची नाही.
अण्णांना समजावलं. रात्री फ्लश नको, मगाने हळूच पाणी ओता. आणि संध्याकाळनंतर पाणी जरा बेतानेच प्या. अगदी नम्रपणे सांगितलं. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, बरं.

२४ मार्च
अण्णांनी दुपारपासूनच पाणी सोडलंय. मी एवढं म्हटलं नव्हतं.
ही सध्या माझ्याशी बोलत नाही, भांड्यांशी बोलते. आज अखेर तोंड उघडलं. परक्या म्हाताऱ्याला तरी असं वागवाल का, म्हणाली. मी म्हटलं, मी देवाचं करतोय. त्यावर ती, देव तुमच्याकडे मागायला आले होते का. उत्तर होतं माझ्याकडे, पण ऑफिसला उशीर होत होता.

२७ मार्च
अण्णा चक्कर येऊन मशीनवर आदळले. कपाळाला खोक पडली. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही, घरात लक्ष द्यायला कुणी आहे की नाही. डॉक्टर लोक हल्ली फार बोलतात.
ताई धावत आली. माझी मोठी बहीण, दोन खोल्यांत पाच माणसं, तरी म्हणे चला माझ्याकडे. अण्णा म्हणाले, रविवार होऊ दे, याची माणसं यायचीत. बाप तो बाप. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रविवारपर्यंत पट्टी निघेल का, ते मात्र डॉक्टरांना विचारायचं राहिलं.

३० मार्च, रविवार
सगळं उत्तम झालं. जवळजवळ.
अण्णा धुवट सदरा घालून पूजेला बसले होते. गिऱ्हाइकं खूश, साहेब खूश. मग एका बाईंनी विचारलं, आजोबा झोपतात कुठे? मी अभिमानाने ज्येष्ठांचा कोपरा दाखवला. बाईंनी कॉटकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, अण्णांच्या कपाळाकडे पाहिलं. साहेब घाईघाईने म्हणाले, ते इथे राहत नाहीत, चार दिवस आलेत. अण्णा म्हणाले, हो, मी पाहुणाच आहे.
त्या बाईंनी फ्लॅट घेतला नाही. दोघांनी घेतला. त्या दोघांकडेही म्हातारं माणूस नव्हतं.
संध्याकाळी अण्णा ताईकडे गेले. देव उपरण्यात बांधून बरोबर नेले. मी म्हटलं, देव तरी राहू द्या, त्यांच्यासाठीच केलंय सगळं. म्हणाले, माझ्या वडिलांनी माझ्या हाती दिलेत, मी आहे तोवर माझ्याबरोबर. आणि त्यांना फारशी जागा लागत नाही रे.

२ एप्रिल
घर मोकळं वाटतं. देवघरातला दिवा चालूच ठेवलाय, रिकामं असलं तरी दिसतं छान. नवे देव आणू म्हटलं. ही म्हणाली, आणा, पूजा कोण करणार? मला मंत्र येत नाहीत. लहानपणी अण्णा शिकवायला बसायचे तेव्हा मी पळून जायचो. त्यांनी धरून बसवायला हवं होतं.
बढती नाही. साहेबांनी प्लॅनमध्ये एकच बदल सांगितला. ज्येष्ठांचा कोपरा खोडा, तिथे युटिलिटी लिहा. खोडलं.

६ एप्रिल, रविवार
अण्णांना घेऊनच यायचं, असं ठरवून ताईकडे गेलो. देव तिथे फ्रिजवर, तोंड दक्षिणेला, शेजारी औषधाच्या बाटल्या. अण्णा हॉलच्या मधोमध सतरंजीवर घोरत होते. डोकं उत्तरेला. भाचरं त्यांना वळसा घालून पळत होती. मी मनातल्या मनात चुका मोजायला लागलो, आणि मध्येच सोडून दिलं. इतके गाढ झोपलेले अण्णा मी माझ्या घरात पाहिले नव्हते. फार वाईट वाटलं.
ते उठल्यावर जवळ बसलो. म्हटलं, अण्णा, झालं गेलं विसरा, आता घरी चला.
ते रागावलेले नव्हते. त्यांनी नुसतं विचारलं, कुठे?
त्या घराचा इंच न इंच मला पाठ आहे. हॉल, बेडरूम, ओटा, पॅसेज, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मला सांगता येईना.
ताईने चहा दिला. तो पिऊन एकटाच परत आलो.